आवाज गेल्यावर

मुलगी उभी राहिली, पुस्तक तोंडासमोर धरलं आणि सरांच्याच आवाजात धडा वाचायला लागली. घशात वाळू भरल्यासारखा तो फुसफुसता आवाज, चार शब्द झाले की घेतलेला दम, वाक्याच्या शेवटी हातातून निसटावा तसा निसटणारा शब्द. सगळं हुबेहूब. पहिल्या ओळीला मागच्या बाकांवर खुसखुस झाली. थोड्याच वेळात अख्खा वर्ग बाकं बडवत हसत होता.

भूगोलाचे सर फळ्यापाशी खडू धरून उभे होते. घशाच्या ऑपरेशननंतर ते नुकतेच शाळेत परत आले होते. गाठ काढली आहे, आवाज उरलाय तेवढाच, जपून वापरा आणि ओरडायचं तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जन्माची सवय डॉक्टरांच्या सांगण्याने जात नाही. सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि "गप्प बसा" म्हणून ओरडले.

निदान त्यांना तरी आपण ओरडलो असं वाटलं. बाहेर आला तो तेल न घातलेल्या बिजागरीचा आवाज. वर्ग क्षणभर थबकला आणि मग असा हसला, की शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात डोकावून गेल्या. सरांच्या तोंडात रक्ताची चव आली. ते खुर्चीवर बसले आणि तास संपेपर्यंत बसूनच राहिले.

या सरांना शाळेत भोंगा म्हणत. पिढ्यान्पिढ्या हेच नाव चालत आलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. त्यांनी एकदा आवाज लावला की आपला वर्ग तर सोडाच, खालच्या मजल्यावरचेही वर्ग चिडीचूप होत. ऑफिसातले कारकून म्हणत, सर शाळेत असले की घंटेची गरज नाही. त्यांना स्वतःलाही त्याचा थोडा अभिमान होता. माणूस तसा साधाच. वेळेवर यायचं, नकाशे नीट गुंडाळून ठेवायचे, पेपर वेळेत तपासून द्यायचे आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी जायचं. यापलीकडे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं कुणाजवळ नव्हतं.

ऑपरेशननंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना वाचनालयात बसायला सुचवलं होतं. तिथे बोलावं लागणार नाही, निवृत्तीपर्यंतचे दिवस सुखाने जातील, असा त्यांचा चांगलाच हेतू होता. सर नाही म्हणाले. मला वर्ग द्या, म्हणाले. मग जो मोकळा होता तो मिळाला. तो कुणालाच नको होता म्हणून मोकळा होता.

त्या संध्याकाळी बायकोने बेसिनमधला लाल थेंब पाहिला. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची. अशा गोष्टी तिच्यापासून लपत नसत. ती रागावली नाही. ताटं उचलताना म्हणाली, "लग्न झाल्यापासून या घरात पहिल्यांदा माझा आवाज ऐकू यायला लागलाय. तेवढ्यासाठी तरी जपा गळा."

सर हसले. मग त्यांनी उरलेली भांडी तिच्याकडे सरकवली. "मला वर्ग सांभाळता येतच नव्हता," ते कसेबसे म्हणाले. "फक्त ओरडता येत होतं. ते गेलं तेव्हा कळलं."

"मग शिका आता," ती म्हणाली आणि भांडी घेऊन आत गेली.

या माणसाचं कौतुक करायचं ते इथून पुढचं. डोक्यावरचे केस पांढरे झाल्यावर, ज्या कामात आपण मुरलो असं सगळं गाव समजतं तेच काम पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसणं सोपं नसतं. घशातून रक्त आलं म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सक्तीने घ्यायला लावलेली रजा संपवून सर परत आले, तेव्हा घंटा व्हायच्या आधीच वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघायचं, मान हलवायची, एवढंच. पण तेवढ्यानेही त्यांना पुष्कळ कळायला लागलं. कोण उपाशी आलंय, कोण घरून भांडून आलंय, कुणाचं आज काहीतरी करायचं ठरलंय, हे चालण्यावरून ओळखू येतं. इतकी वर्षं त्यांनी पोरांचे चेहरे पाहिले होते ते फळ्यापासून, ओरडता ओरडता.

आत आल्यावर ते फळ्यावर एक प्रश्न लिहीत आणि थांबत. पहिल्या दिवशी हे थांबणं फार लांबलं. गोंगाट चालूच होता, दाराबाहेरून जाणारे मास्तर आत बघत होते. सर थांबले. शेवटी पुढच्या बाकावरचाच एक मुलगा वैतागून मागे वळला आणि म्हणाला, "अरे गप्प बसा ना, सर कधीचे थांबलेत." पोरं पोरांना गप्प करू शकतात, ही गोष्ट सरांना नवीन होती.

मग त्यांनी फळा सोडून बाकांमधून फिरायला सुरुवात केली. जिथे गडबड असेल तिथे जाऊन उभं राहायचं आणि शिकवणं चालूच ठेवायचं. बहुतेक वेळा गडबड आपोआप विरे. कुणाला काही सांगायचं असेल तर खाली वाकून, त्यालाच ऐकू जाईल असं सांगायचं. त्यांच्याजवळ दुसरा आवाज नव्हताच. पण त्यातून त्यांना एक गोष्ट उमगली. चारचौघांत पाणउतारा केला की पोरापुढे दोनच वाटा उरतात, रडायचं नाहीतर भिडायचं. आणि सगळा वर्ग बघत असताना रडणार कोण? हळूच सांगितलं की तिसरी वाट मोकळी राहते. ऐकायची.

सगळेच दिवस असे जात नसत. एकदा सगळ्या वर्गाने तोंडं मिटून मधमाश्यांसारखा गुंजारव धरला, आणि कोणत्याही बाकाशी जाऊन उभं राहिलं तरी तो दुसरीकडून येत राहिला. सर त्या दिवशी खांदे पाडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा दारात उभे होते.

नक्कल करणाऱ्या त्या मुलीला शिक्षकांच्या खोलीत वकीलबाई म्हणत. कशालाही तिच्याजवळ उलट प्रश्न तयार असायचा. आई दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि मुलगी मावशीकडे राहायची. मावशीचं इस्त्रीचं दुकान होतं. आधीच्या शाळांनी तिला काढलं होतं आणि इथेही ती त्याच वाटेवर आहे, असं सगळे धरून चालले होते. तिची रीत ठरलेली होती. शिक्षकांनी काही म्हटलं की ती म्हणायची, "काढा ना मग बाहेर." आज ना उद्या प्रत्येकजण तिला बाहेर काढायचाच. मग ती व्हरांड्यात कठड्याला टेकून अशी उभी राहायची, की कुणाला वाटावं तिने आत्ताच काहीतरी जिंकलंय.

सरांनी एक गोष्ट टिपली होती. रागावण्याच्या आधीच ती बाहेर काढायला सांगते. होणार आहेच ते, तर आपल्या हाताने होऊ दे, असा काहीसा तिचा हिशेब असावा.

एका तासाला ती फळ्याकडे पाठ करून बसली. सर फिरत फिरत तिच्याजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "वही उघडून आत्ता कर, नाहीतर शाळा सुटल्यावर माझ्याजवळ बसून कर. काय ते तू ठरव."

"मी काहीच करणार नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "काढा मला बाहेर."

"नाही काढत," सर म्हणाले आणि पुढच्या बाकाशी गेले.

वर्ग तिच्याकडे बघत होता. ती भांडायला उठून उभी राहिली होती आणि समोर भांडायला कुणीच नव्हतं. थोड्या वेळाने तिला बसावं लागलं.

शाळा सुटल्यावर ती थांबली नाही, पळाली. दुसऱ्या दिवशी सर दारात होते. कालचं राहिलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कालचा राग शोधायचा तिने प्रयत्न केला, पण तो तिथे नव्हता. ती पुन्हा पळाली. त्यांनी पुन्हा आठवण केली. असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी ती दणदण पाय आपटत आली, बाकावर बसली, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात उत्तर खरडलं आणि वही टेबलावर टाकली. सरांनी ते सगळं वाचलं. एक चूक दुरुस्त केली आणि एका वाक्याखाली रेघ ओढली. पुस्तकात नसलेलं हे वाक्य तू स्वतः विचार करून लिहिलंयस, ते चांगलं आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. ती निघून गेली. दप्तर मात्र नीट बंद करून गेली.

यानंतर सरांच्या हातून एक चूक झाली. गाडी रुळावर आली असं वाटून त्यांनी एका तासाला तिला सगळ्यांसमोर भिंतीवरच्या नकाशावर नदी दाखवायला बोलावलं. तिला ती नदी येत नव्हती. ती जागची हलली नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जा की, भोंग्याची लाडकी."

ती उठली ती थेट नकाशापाशी. दोन्ही हातांनी नकाशा धरून तिने असा ओढला की जुनं कापड टर्रकन फाटलं. अर्धं जग भिंतीवर राहिलं आणि अर्धं तिच्या हातात आलं. तिने ते खाली टाकलं, सरांकडे बघितलं आणि कुणी काही म्हणायच्या आत आपणच वर्गाबाहेर निघून गेली.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मावशीला बोलावून घेतलं. ऑफिसात त्या, मावशी, मुलगी आणि सर असे चौघं होते. मोठ्या बाईंनी सगळा पाढा वाचला. आजवर किती समज दिली, किती तक्रारी आल्या, आता शाळेची वस्तू फाडण्यापर्यंत मजल गेली. इतर मुलांकडेही बघावं लागतं, त्या म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मावशी पदराने कपाळ पुसत ऐकत होती. तिला यातलं काहीच नवीन नसावं. ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा, मला दुकान उघडायचंय, असं ती थकलेल्या आवाजात म्हणाली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

मोठ्या बाई सरांकडे वळल्या. नकाशा तुमच्या तासाला फाटला, तेव्हा तक्रारही तुम्हीच द्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

सर पाण्याचा घोट घेऊन बोलायला लागले. त्या दिवशी आधीचे सगळे तास घेऊन झाले होते आणि आवाज तळाला गेला होता. मोठ्या बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली. मावशीही पुढे वाकली.

"चूक तिची आहे," सर म्हणाले. "थोडी माझीही आहे. येत नाही ते सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. तक्रार मी देणार नाही. नकाशा फाटलाय, तो ती चिकटवेल. तिला काढलं तर तो फाटलेलाच राहील, आणि तीही कुठल्यातरी दुसऱ्या शाळेत दुसरं काहीतरी फाडत राहील."

एवढं बोलून त्यांना खोकला आला. मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मी माफी मागणार नाही," मुलगी खिडकीकडे बघतच म्हणाली. मावशीने तिच्या दंडाला धरून हलवलं.

"नको मागूस," सर म्हणाले. "शनिवारी शाळा सुटली की ये. गोंद मी आणतो."

मोठ्या बाईंनी सरांकडे बघितलं. या माणसाला त्या कित्येक वर्षं ओळखत होत्या, त्याच्या आवाजाबद्दल त्यांनी कितीदा तरी तक्रार ऐकली होती. शेवटी त्या म्हणाल्या, "एवढं एक वर्ष. जबाबदारी तुमची."

शनिवारी शाळा रिकामी झाली. सर दोन बाकं जोडून त्यावर नकाशा उलटा पसरून बसले होते. ती येईल अशी खात्री त्यांना नव्हती. ती उशिरा आली. हातात जुन्या चादरीची एक लांब पट्टी होती, कडा सरळ कापलेली आणि कडक इस्त्री केलेली. नुसत्या कागदाने धरणार नाही, मागून कापड लावायला हवं, असं मावशी म्हणाली म्हणून आणली, असं तिने सांगितलं. ते मावशी म्हणाली होती की तिला स्वतःला सुचलं होतं, हे सरांनी विचारलं नाही.

दोघं कामाला लागले. सर कडा जुळवून धरायचे, ती ब्रशने गोंद लावायची. फाटलेलं सरळ रेषेत फाटलं नव्हतं. एका समुद्राची कड दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्याला लागेपर्यंत दोघांनाही श्वास धरून ठेवावा लागत होता. सर बोलत नव्हते. शनिवारपर्यंत त्यांचा आवाज संपलेलाच असायचा. पण ही शांतता शिक्षेची नव्हती आणि ते मुलीला हळूहळू कळलं.

"आवाज परत येणार नाही का?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मुलं सांगतात, तुम्ही आधी खूप ओरडायचात. सगळे घाबरायचे."

सरांनी मान हलवली.

ती ब्रश गोंदात बुडवून तसाच धरून बसली. "मी तुमची नक्कल केली होती," ती म्हणाली.

"चांगली केली होतीस," सर म्हणाले. मग कड सोडून ते जरा सरळ बसले. "खरं सांगू का, माझा आवाज आता कसा येतो ते मला माहीत नव्हतं. घरात सगळे म्हणायचे, बरा आहे, सुधारतोय. त्या दिवशी तू वाचलंस तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आला."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले तेव्हा तिने मान खाली घातली, आणि सरांनीही नकाशाची कड पुन्हा हातात घेतली.

"इकडे थोडं वर आलंय," काही वेळाने ती म्हणाली. "दाबून धरा."

सरांनी दाबून धरलं.

त्यानंतर मुलगी एकदम शहाणी झाली, असं काही झालं नाही. भांडायची ती भांडतच राहिली, पण भूगोलाच्या तासाला ती भूगोलावरून भांडायला लागली. सगळ्या नद्यांचं पाणी समुद्रात जातं तर समुद्र भरत का नाही? सीमा कुणी आखल्या, आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का? तिने प्रश्न टाकला की मागचे बाकही सरसावून बसत. सर ऐकायचे, एखादा शब्द टाकायचे आणि वाद चालू द्यायचे. कधी कधी वर्गात आवाज इतका चढे की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, इथे मास्तरच नाहीत. इतर तासांना ती अजूनही अधूनमधून व्हरांड्यात दिसे. पण आता ती तिथे उभी असली की अवघडल्यासारखी वाटायची.

गणिताचे नवे तरुण शिक्षक एकदा सरांच्या शेजारी येऊन बसले. माझ्या तासाला ती टेबलावर बसते आणि तुमच्या तासाला चर्चा करते, यात काय युक्ती आहे ते सांगा, म्हणाले. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मला तिच्याशी जिंकायचं नसतं," ते म्हणाले. "तास घ्यायचा असतो."

तरुण शिक्षकांना ते उत्तर अपुरं वाटलं असावं. पण दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी ते आपल्या वर्गाच्या दारात उभे असलेले दिसले. तोंडावर उसनं हसू होतं आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

वर्ष संपलं. मुलगी पास झाली. भूगोलात बरी, बाकी काठावर. आईला तिकडे राहायला मोठी खोली मिळाली होती आणि ती लेकीला बोलावून घेत होती. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला मावशी आली त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सर उरलेले पेपर तपासायला आले होते. दुपारी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पिशवीत भरून ते निघाले, तर ऑफिसच्या पायरीवर मुलगी बसलेली होती. मावशी आत होती.

सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. मैदानावर कुणी नव्हतं. नवी शाळा कशी आहे, त्यांनी विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली. मग तिने विचारलं, तिथल्या भूगोलाच्या सरांनाही दारात उभं राहायची सवय असेल का? नसेल, सर म्हणाले. ती जरा वेळ पायाच्या अंगठ्याने मातीत रेघा ओढत राहिली.

मावशी दाखला घेऊन बाहेर आली. तिने सरांना नमस्कार केला आणि काय बोलावं ते न सुचून दुकान बंद ठेवून आल्याचं सांगितलं. सर उठून पिशवी घ्यायला वाकले, तर पिशवी तिथे नव्हती. मुलीने ती उचलली होती. पिशवी चांगलीच जड होती. मुलगी एका अंगाला कलत, दोन्ही हातांनी पिशवीचे बंद धरून फाटकापर्यंत चालत गेली. तिथे थांबून तिने ती सरांच्या हातात दिली आणि मावशीबरोबर रस्त्याला लागली.

सर काहीतरी म्हणाले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यात ते विरून गेलं. त्यांचे ओठ हललेले तिला दिसले असावेत. ती मावशीचा हात सोडून परत आली आणि त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"तिथे पहिल्या बाकावर बस," सर म्हणाले.

तिने क्षणभर विचार केला.

"नाही बसणार," ती म्हणाली. पण हसत म्हणाली, आणि पळत मावशीला गाठलं.

दोघी वळणाआड जाईपर्यंत सर फाटकाशी उभे होते. मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सावलीच्या कडेने घराकडे चालू लागले.